तांबेखाणी, एक बत्ता आणि जुना समुद्र

26 जानेवारी, सीताबर्डी

सीताबर्डीचा किल्ला एरवी सैन्याच्या ताब्यात असतो. तुम्हा-आम्हाला आत जायचं तर 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट असे मोजके दिवस. यंदा आमच्या चार दिवसांच्या भटकंतीची सुरुवात मामांनी मुद्दाम इथून करायला लावली. मामा बाहत्तर वर्षांचे. सगळी नोकरी दगडांच्या मागे गेली: तंबू, नकाशे, ड्रिलिंग मशीनचा आवाज, पावसाळ्यात चार महिने घरी. मी शाळेत विज्ञान शिकवते. विदर्भातलं तांबं आणि जस्त जिथे सापडलंय तो मुलूख एकदा त्यांच्यासोबत पायी बघायचा, असं किती वर्षं चाललं होतं. मामेभावाची सुट्टी आणि त्याची गाडी जुळून आली, आणि निघालो.

किल्ल्यात झेंडावंदनाची गर्दी होती. लहान मुलं, तिरंगी टोप्या, सेल्फी. मामा मात्र वाटेच्या कडेला उघड्या पडलेल्या काळ्या दगडापाशी उभे राहिले.

"हा कोणता?"

"बेसॉल्ट," मी म्हटलं. "दख्खनच्या लाव्ह्याचा."

"म्हणजे ज्वालामुखीचाच ना? मग आपण तांबं शोधायला भिवापूरकडे कशाला चाललो? इथेच का नको?"

मला उत्तर देता आलं नाही. शाळेत मीच शिकवते की ज्वालामुखीच्या खडकांत धातूंचे साठे असतात. मामांनी त्या दगडावर हात ठेवला. "हा लाव्हा जमिनीवर पसरला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. वर आभाळ, खाली माती. आपल्याला हवा असलेला लाव्हा पाण्याखाली फुटलेला पाहिजे. समुद्राच्या तळाशी. आणि तो याच्यापेक्षा कमीत कमी पंधरा पट जुना आहे."

नागपूर शहर अशा जागी वसलंय की पश्चिमेला गेलं की हाच काळा ट्रॅप, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, लागतो आणि पूर्वेला गेलं की तो संपतो. इतकी वर्षं या शहरात राहून मी ही सीमा कधी मनात आणली नव्हती.

किल्ला पाहायचा असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा आणि सकाळी लवकर जा, दुपारी रांग उन्हात उभी राहते.

दुपारी घरी पाटोडी-रस्सा झाला. संध्याकाळी मामांनी माहुरझरीची गोष्ट सांगितली. काटोल रस्त्याच्या बाजूला, नागपूरपासून जवळच, दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांच्या दफनाच्या जागा. तिथल्या उत्खननात घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले. आणि बालाघाट जिल्ह्यात गुंगेरियाला 1870 साली जमिनीतून 424 तांब्याच्या वस्तू आणि 102 चांदीचे पत्रे एकदम निघाले. "हे तांबं कुठलं असेल, हा प्रश्न मला नोकरी लागल्यापासून छळतो," मामा म्हणाले. एवढंच बोलून ते पिशवी भरायला उठले.

पिशवीत काय होतं ते सांगते, कुणाला असं फिरायचं असेल तर उपयोगी पडेल. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, गळ्यात दोरीनं अडकवलेलं. होकायंत्र. पोलादी पात्याचा चाकू. पाण्याची फवारणी बाटली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरवाली छोटी बाटली, दोन पिशव्यांत गुंडाळून. तुटलेला चिनी मातीचा कप. आणि हातोडी, जी चार दिवसांत फक्त दोनदा बाहेर निघाली.

27 जानेवारी, भिवापूरच्या बाजूला

सकाळी साडेसहाला दिघोरी नाक्यावर तर्री-पोहे. धुकं इतकं दाट होतं की टपरीवाल्याचा हात तर्रीच्या वाफेत दिसत नव्हता. उमरेड पन्नासेक किलोमीटर, रस्ता उत्तम. उमरेडजवळ कोळशाच्या खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर दिसू लागले. इथे खडक पुन्हा बदललेला असतो: कोळसा गोंडवन काळातल्या गाळाच्या थरांतला. त्याच्या पुढे, भिवापूरच्या दिशेनं, जमीन हळूहळू उठते, धानाच्या बांध्या सुरू होतात आणि बांधांवर चपटे, चमकदार, पापुद्र्यांचे दगड दिसायला लागतात. मामा खिडकीतून बोट दाखवून एवढंच म्हणाले, "साकोली."

साकोली हे नाव भंडारा जिल्ह्यातल्या गावाचं, पण भूशास्त्रात ते नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत पसरलेल्या एका त्रिकोणी पट्ट्याचं नाव आहे. तिथले खडक मुळात समुद्रातला चिखल आणि त्यात मध्ये मध्ये फुटलेले ज्वालामुखी. दोन तऱ्हेचा लाव्हा: काळा, पातळ बेसॉल्ट आणि फिकट, घट्ट रायोलाइट. मग तो सगळा समुद्रतळ दाबला गेला, घड्या पडल्या, भाजला गेला. याच पट्ट्यात नागपूर जिल्ह्यात कोलारी आणि तांबेखाणी इथे जस्ताची नोंद आहे, पुलर-परसोडीला तांब्याची, आणि कुहीच्या बाजूला खोबना-आगरगावला टंगस्टनची. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनालाही तांबं आहे.

मला वाटलं होतं, ज्वालामुखी म्हणजे काहीतरी टेकडीसारखं दिसेल. तसं काही नाही. तुरी, हरभरा, जवस, आणि बांधावर चार दगड. मामा पहिल्या बांधावर अर्धा तास बसले. एक दगड उचलायचे, पाणी मारायचे, भिंगातून पाहायचे, जिथून उचलला तिथेच ठेवायचे. मीही तसंच करू लागले. कोरड्या दगडात सगळं धुरकट दिसतं, ओला केला की रंग उघडतो. हे एवढं साधं आहे, पण पहिल्या तासात मला शिकवलं कुणी तर त्या फवारणीच्या बाटलीनं. हिरवट, साबणासारखा गुळगुळीत लागणारा दगड क्लोराइटचा. रुपेरी पापुद्रे अभ्रकाचे. आणि मध्येच गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस-पिवळा, भोकंभोकं पडलेला हलका दगड. त्याला गॉसन म्हणतात. खाली गंधकयुक्त धातू असला की वरचं डोकं असं गंजतं.

"कायचे दगड पाहून राहिले जी?" बांधाच्या पलीकडून आवाज आला. डोक्याला गमचा, हातात विळा. शेत त्यांचंच होतं. मामांनी आधी परवानगीशिवाय आत आल्याबद्दल माफी मागितली, मग सांगितलं. जस्त हा शब्द ऐकताच ते भाऊ म्हणाले, "आमचा बुढा होता ना मशीनवर कामाले. इकडं दोन बोरिंगा मारल्या होत्या, पाण्याच्या नाई, दगडाच्या." आणि आम्हाला घरी घेऊन गेले.

घरी माय चुलीपुढे. वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचं वरण, ज्वारीची भाकर, आणि ठेचा. भिवापुरी मिरचीचा ठेचा म्हणजे आधी रंग, मग वास, मग तिखट. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण अस्सल गावरान वाण लावणारी घरं आता कमी झालीत, असं त्या माय सांगत होत्या. सांगता सांगता त्या मिरच्या कुटत होत्या, आणि मामा जेवायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत होते.

त्यांच्या हातातला बत्ता दगडाचा होता. वीतभर लांब, मनगटाहून बारीक, आणि खराट्याच्या दांड्यासारखा तंतोतंत गोल. असा गोल दगड कुणी घडवत नाही. तो ड्रिलिंगचा कोअर होता, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडताना मशीननं वर काढलेली दगडाची कांडी.

"बुढ्यानं आणला होता तवाचा," भाऊ म्हणाले. "फेकून देनार होते साहेब लोक. तुटलेला होता म्हणे."

मामांनी हात धुतले, बत्ता मागून घेतला, पाणी मारलं आणि उंबऱ्यात उजेडाला बसले. मग माझ्या हातात भिंग दिलं. राखाडी-गुलाबी, बारीक कणांचा खडक. त्यात तांदळाच्या कणीएवढे निळसर, काचेसारखे ठिपके. काही पूर्ण गोल, काही दाबून डोळ्याच्या आकाराचे झालेले, सगळे एकाच दिशेला ताणलेले. एका बाजूला लाल ऑइलपेंटच्या रेघेचा अंश होता, खोलीची खूण करायची ती. आकडा पुसून गेलेला.

"हे गारगोटीचे डोळे बघ," मामा म्हणाले. "लाव्हा अजून पोटात होता तेव्हा हे स्फटिक सावकाश वाढले. मग तो वर येऊन एकदम गोठला, म्हणून बाकीचा दगड बारीक राहिला. हा रायोलाइट. हाच तुझा ज्वालामुखी."

दिवसभर जो टेकडीच्या आकारात शोधत होते तो मिरचीच्या लाल रंगानं माखलेला माझ्या हातात होता. मला खरंच बोलायला सुचलं नाही.

जेवण झाल्यावर मामांनी चुलीकडे बोट करून मला आणि त्या भाऊंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला समजावलं. ही चूल आणि ही तिच्या बाजूची वैल. जाळ चुलीत, वैलीला फक्त त्याची ऊब. समुद्राच्या तळाखाली तापलेला लाव्हा म्हणजे जाळ. समुद्राचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, तापतं, खारट आणि आंबट होतं, वाटेतल्या खडकातून तांबं, जस्त, लोखंड, गंधक ओढून घेतं आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास तापून पुन्हा वर उसळतं. वर थंडगार समुद्र. भेट झाली की धातू तिथल्या तिथे खाली बसतात. पण सगळे एका जागी नाही. तांब्याला विरघळून राहायला जास्त उष्णता लागते, म्हणून पाणी जरा निवलं की ते आधी बसतं, चुलीच्या तोंडाशीच. जस्त थंड होत गेलेल्या पाण्यातही तग धरतं, ते पुढे जाऊन बसतं, वैलीवर. म्हणून असा साठा सापडला की आत-खाली तांबं आणि वर-कडेला जस्त असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो.

"हे कुणी पाहिलं का सर?" मुलीनं विचारलं.

"पाहिलं. 1979 साली. प्रशांत महासागराच्या तळाशी अल्विन नावाच्या पाणबुडीतून. काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या. तोवर आम्ही हे फक्त जुन्या दगडांवरून वाचत होतो."

आणि वाचायचं काय, तर धातूपेक्षा जास्त त्या गरम पाण्यानं बिघडवलेला खडक. जिथून पाणी वर आलं तिथला लाव्हा पार बदलून जातो: मधोमध क्लोराइट, बाहेर पांढरं अभ्रक. साठा एखाद्या शेताएवढा असतो, पण हा बिघाड दूरवर पसरलेला. सकाळी आम्ही बांधावर जे हिरवे, साबणासारखे दगड चाचपत होतो ते म्हणून. मामांच्या भाषेत, "चोर दिसत नाही, चिखलातली पावलं दिसतात."

दुपारी भाऊ स्वतः सोबत आले आणि विहीर खणताना निघालेल्या दगडांचा ढीग दाखवला. तिथे हातोडी पहिल्यांदा निघाली. ढिगातला एक दगड मामांनी नुसता उचलला आणि खाली ठेवलाच नाही. "भल्ला जड हाय ना जी?" भाऊ म्हणाले. जड होताच. फोडल्यावर आत तपकिरी, राळेसारखी चमक. कपाच्या तळाच्या खरबरीत कडेवर घासला तर फिकट पिवळसर रेघ. त्या भुकटीवर आम्लाचे दोन थेंब, आणि मुलीनं नाक दाबलं. "सडलेल्या अंड्याचा वास!" हाच स्फॅलेराइट, जस्त आणि गंधक. त्याच्या शेजारी दोन पिवळे ठिपके होते. एकावर चाकूनं ओरखडा उठला, दुसऱ्यावर नाही. ओरखडा उठला ते चॅल्कोपायराइट, म्हणजे तांबं. नाही उठला तो पायराइट, ज्याला बघून लोक सोनं समजतात.

संध्याकाळी ओढ्याच्या वाळूत आणखी एक गोष्ट मिळाली, आणि मामांच्या लेखी ती सगळ्यात मोलाची. भिंगाखाली गडद निळसर-हिरवा, टोकदार कण, खसखशीपेक्षा थोडा मोठा. गाह्नाइट. जस्त आणि ॲल्युमिनियम यांचं खनिज. आपल्याकडे पाऊस आणि ऊन इतकं आहे की वरच्या मातीतलं जस्त पाण्याबरोबर वाहून जातं, जमीन तपासली तर हाती काही लागत नाही. गाह्नाइट मात्र इतका कठीण असतो की तो झिजत नाही, विरघळत नाही, ओढ्यात तसाच राहतो. बैतुलच्या पट्ट्यात, म्हणजे नागपूरहून मुलताईवरून पुढे, तांबं-जस्ताचे असेच ज्वालामुखी खडकांतले साठे आहेत, आणि तिथेही हा गाह्नाइट भेटतो. मामांची तिथे तीन वर्षं गेली.

मुक्काम उमरेडला लॉजवर. साधा, स्वच्छ, गरम पाणी सकाळी मागितलं की मिळतं.

थोडं नियमांबद्दल. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य इथून लागूनच आहे. अभयारण्यात आणि राखीव जंगलात पायी शिरायचं नाही, दगड उचलायचा नाही, वाघाचा मुलूख आहे. शेतात जायचं तर मालकाला विचारूनच. आणि असं बघत फिरणं वेगळं, खनिजाचा शोध घेणं वेगळं. त्याला सरकारचा परवाना लागतो. नकाशे मात्र घरबसल्या मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशे फुकट उतरवता येतात, नाव नोंदवलं की झालं. मोबाइलवर आधीच उतरवून घ्या, बांधावर रेंज नसते.

28 जानेवारी, पाऊस आणि तांबेखाणी

पहाटे तीनला पत्र्यावर आवाज. अवकाळी. मला आधी दगड आठवले नाहीत, मिरची आठवली. काल सगळीकडे अंगणात, खळ्यात, रस्त्याच्या कडेला लाल चादरी पसरलेल्या पाहिल्या होत्या. सहा वाजता आम्ही भाऊंच्या घरी पोचलो तेव्हा अख्खं घर ताडपत्र्या ओढत होतं. आम्हीही लागलो. ओली मिरची वेगळी, कोरडी वेगळी, तासभर कुणी कुणाशी बोललं नाही. नंतर काळा चहा झाला. निम्म्याहून जास्त वाचली होती. उरलेल्या मिरचीवर पांढरे डाग पडतील आणि भाव पडेल, एवढं भाऊ एकदा म्हणाले आणि गप्प झाले.

पुढे रस्त्यात मिरचीचा सातरा लागला. पन्नास-साठ बाया रांगेत बसून देठ तोडत होत्या. आम्हाला आत शिरल्या शिरल्या ठसका लागला, त्या दिवसभर तिथेच बसतात. तोंडाला पदर, हातांना जळजळ होऊ नये म्हणून तेल. एका आजींनी मामांच्या गळ्यातलं भिंग मागितलं आणि मिरचीचं बी बघितलं. मग शेजारणीला दिलं. ते भिंग रांगेच्या टोकापर्यंत जाऊन परत आलं.

तांबेखाणी हे गावाचं नाव मी नकाशावर वाचलं तेव्हापासून मला तिथे जायचं होतं. नावातच खाण आहे. पण नोंद पाहाल तर जस्ताची. आम्ही चार जणांना विचारलं, खाण कुठे होती? कुणाला सांगता आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "नाव आमच्या आज्याच्या आधीचं हाय जी." बस. लेखी पुरावा नाही, तेव्हा मी काही ठोकून सांगणार नाही. पण मामांचा तर्क मला पटतो. जुन्या माणसाला तांबं ओळखू येतं, कारण हवा लागली की ते हिरवं-निळं होतं, लांबून दिसतं. जस्ताला असा रंग नाही. ते तपकिरी दगडात लपतं, आणि वितळवायला गेलं तर वाफ होऊन उडून जातं. जुन्या लोकांनी एखाद्या जागी हिरवा डाग पाहिला असेल, त्यावरून नाव दिलं असेल. जस्त तिथेच शेजारी असेल आणि त्यांना ते कळायचं कारण नव्हतं.

आजचं यंत्रही याच ठिकाणी अडतं. विमानातून किंवा जमिनीवरून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण करतात, कारण जमिनीखालचा सलग गंधकयुक्त धातू वीज वाहून नेतो. कॅनडातला किड क्रीकचा प्रचंड साठा 1963 साली अशाच विमानी सर्वेक्षणातून मिळाला. पण नुसता स्फॅलेराइट वीज नीट वाहून नेत नाही. सोबत तांबं किंवा पायऱ्होटाइट हे लोखंड-गंधकाचं खनिज असेल तर यंत्र बोलतं, नुसतं जस्त असेल तर गप्प. मग गुरुत्वाकर्षण मोजा, मातीचे नमुने घ्या, गाह्नाइट शोधा, आणि शेवटी भोक पाडून कोअर काढा. त्यावाचून खात्री नाही.

कोअरचा विषय निघाला आणि मामा बराच वेळ बोलले. रात्रंदिवस मशीन चालायची. दर पाळीला काही मीटर दगडाची कांडी वर यायची. ती लाकडी खोक्यात क्रमानं लावायची, खोली लिहायची, धुऊन इंचाइंचाची नोंद करायची, मग हिऱ्याच्या करवतीनं उभी चिरून अर्धी प्रयोगशाळेत आणि अर्धी जपून. एका कॅम्पवर, कुठल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही लिहिणार नाही, दहा वर्षांनी ते परत गेले तेव्हा शेडचं छप्पर उडालेलं होतं. खोकी वाळवीनं खाल्लेली. शेकडो मीटर कोअर जमिनीवर एकात एक मिसळून पडलेला. कुठली कांडी किती खोलीची, कुठल्या भोकातली, काही कळायचा मार्ग नाही. "दगड सगळे होते," मामा म्हणाले, "पण वाचता येत नव्हते. पुस्तकाची पानं सुटी करून उधळल्यासारखं." मला हे ऐकून फार वाईट वाटलं. एकदा खणलेलं भोक दुसऱ्यांदा कुणी खणत नाही. आता निदान अहवाल आणि आकडे तरी 2023 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान विदा भांडारात ठेवले जातात, ही चांगली गोष्ट झाली. पण कांडी ती कांडी. माय त्या बत्त्याला रोज धुऊन कोनाड्यात ठेवतात.

दुपारनंतर कुहीकडे. मोबाइलच्या नकाशानं जवळचा रस्ता म्हणून कालव्याच्या बांधावर घातलं. पावसानं काळी माती चाकांना अशी चिकटली की गाडी जागची हलेना. एका ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढलं, पैसे घेतले नाहीत, उलट घरून गूळ-शेंगदाणे आणून दिले. पाऊस पडून गेला असेल तर डांबरी रस्ता सोडू नका, दहा किलोमीटर लांब पडला तरी.

29 जानेवारी, आंभोऱ्यावरून भंडारा

सकाळ धुऊन काढल्यासारखी. आंभोऱ्याला वैनगंगेचं पात्र समुद्रासारखं पसरलेलं आहे, गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी इथवर येतं. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर, खाली केबलवरचा नवा पूल. पूल नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडतो, त्यामुळे आम्हाला मागे फिरावं लागलं नाही. घाटावर माशांचा रस्सा-भात खाल्ला. टेकडीवर जाल तर पायऱ्यांवरून चढताना खालचा खडक जरूर बघा, पाण्यानं घासून तो छान उघडा पडलाय.

भंडाऱ्याला जायचं कारण पितळ. हे शहर पूर्वीपासून पितळी भांड्यांचं. आणि पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, म्हणजे आम्ही तीन दिवस ज्याच्या मागे फिरत होतो तेच दोघं. मामेभावाच्या ओळखीच्या एका कासारांच्या भट्टीवर गेलो. आता भट्ट्या थोड्याच उरल्यात, स्टीलनं बाजार खाल्ला. दारात जुन्या फुटक्या घागरी, पराती, समया यांचा ढीग. ही मोड वितळवूनच नवं भांडं होतं.

मूस भट्टीत लाल झाली होती. काका म्हणाले, मोड वितळली की त्यातलं थोडं जस्त उडून जातं, ती भर घालावी लागते, नाहीतर पितळ लालसर पडतं. मग त्यांनी चिमट्यात जस्ताचा तुकडा धरला, आधी भट्टीच्या तोंडाशी तापवला आणि मुशीत खाली दाबला. क्षणभर काही नाही. मग मुशीच्या तोंडातून हिरवट-पांढरी ज्योत उठली आणि तिच्या टोकाला दाट पांढरा धूर. छपराखाली तो कापसाच्या तंतूंसारखा तरंगायला लागला आणि माझ्या बाहीवर दोन तंतू येऊन बसले. काकांनी आम्हाला मागं सारलं. हा धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो, ते स्वतः तोंडाला ओला गमचा बांधून होते.

तांबं वितळतं 1085 अंशांवर. जस्त 907 अंशांवरच उकळून वाफ होतं. म्हणजे तांबं पातळ व्हायच्या आत जस्त निघून जातं. दोघांना एकत्र ठेवायचं तर आधी तांबं, मग जस्त, आणि तेही दाबून, झटपट. काकांना हे आकडे ठाऊक नव्हते. ज्योतीचा रंग बघून ते सांगत होते की आता पुरे.

मामा भट्टीच्या बाजूला उकिडवे बसून सगळं बघत होते. "चूल आणि वैल," ते माझ्याकडे वळून म्हणाले. समुद्रातही जस्त असंच तांब्याला सोडून पुढे गेलं होतं.

मी एक ठोक्याचा गडू घेतला. भाव वजनावर असतो, घडणावळ वेगळी. दुकानात विचाराल तर दोन्ही वेगवेगळं सांगायला लावा. मामांनी काही घेतलं नाही. परतीच्या वाटेवर मौद्याच्या पुढे त्यांचा फोन वाजला. भिवापूरच्या भाऊंची मुलगी होती. काल पावसानं ओढ्याचा काठ ढासळला, आत गंजलेला पट्टा दिसतोय, हातभर रुंद, खाली हिरवा दगड लागलाय, फोटो पाठवू का? मामांनी गाडी बाजूला थांबवायला लावली. फोटो मोठा करून करून पाहिला. मग तिला म्हणाले, "फोटोत शेजारी काहीतरी मोजमापाला ठेव बेटा, पट्टी नसली तर पेन. आणि हात लावू नको कशाला. रविवारी येतो."

आम्लाची बाटली निम्मी संपली होती. काल ती भरून आणली.